डॉक्टरच्या हातावरचा टॅटू: सोसायटीच्या ग्रुपवर शनिवारी रात्री

सुनीता, बी-४०२: मंडळी, विचारू की नको असं दोन दिवस चाललं होतं, आता विचारतेच. आमच्या ओंकारने नीट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली आहे. मार्क चांगले पडतील असं वाटतंय आणि त्याला एएफएमसीच, म्हणजे पुण्याचं सैन्यदलाचं मेडिकल कॉलेजच हवंय, आठवीपासूनचं वेड आहे. पण अठरावं लागलं तेव्हा त्याने दंडावर त्रिशूळाचा टॅटू काढून घेतला. मीच म्हटलं होतं, बाहीखाली झाकेल असा काढ, उद्या डॉक्टर झालास की पेशंटला दिसायला नको. काल त्याचा मित्र म्हणाला, टॅटूवाल्यांना तिथे घेत नाहीत. पोरगं कालपासून नीट जेवलेलं नाही. कुणाला नक्की माहिती आहे का?

देशपांडे काका, ए-१०१: ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. डॉक्टरच्या अंगावर असलं काही असूच नये. परवा दवाखान्यात तपासणाऱ्या मुलीच्या मनगटावर काहीतरी कोरलेलं होतं. माझं सगळं लक्ष तिकडेच. बीपी किती सांगितलं ते घरी येऊन चिठ्ठीवर वाचलं.

कर्नल शिंदे, ए-३०३: सुनीताताई, मित्राने अर्धंच सांगितलंय. एएफएमसीतून बाहेर पडणारा डॉक्टर फौजेचा अधिकारी असतो, म्हणून तिथे सैन्यदलाचाच टॅटूचा नियम लागतो. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला चालतो. तळहाताच्या मागच्या बाजूला चालतो. बाकी शरीरावर कुठेही कायमचा टॅटू चालत नाही. आदिवासी समाजात परंपरेने गोंदतात, त्यांचा विचार वेगळा होतो.

सुनीता, बी-४०२: म्हणजे दिसणारा चालतो आणि झाकलेला नाही?

कर्नल शिंदे, ए-३०३: हो. नागरी आयुष्यात आपण उलटा विचार करतो, त्यामुळे बरीच मुलं इथेच फसतात. मुलांच्या ११५ जागा, मुलींच्या ३०. नीटच्या मार्कांवर निवडून पुण्याला बोलावतात, इंग्रजीची चाचणी होते, मुलाखत होते, आणि मग मेडिकल तपासणीला कपडे काढायला लावतात. तिथे दंडावरचं काही लपत नाही.

सुनीता, बी-४०२: मीच त्याला दंडावर काढायला सांगितलं हो.

वैशाली, सी-१०४: सुनीता, स्वतःला दोष देऊ नकोस गं. कुठल्याही आईने हेच सांगितलं असतं.

सचिव: सर्वांना सूचना. उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी १० ते १२ पाणी बंद राहील.

नेहा, सी-२०५: देशपांडे काका, मी इंटर्न आहे आणि माझ्याही मनगटावर टॅटू आहे. आई गेली तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. माझ्या पहिलीच्या वहीवर तिने माझं नाव घातलं होतं, तेच अक्षर जसंच्या तसं आहे. पेशंट कधीच काही बोलले नाहीत. इंटर्नशिपनंतरच्या नोकरीसाठी एका खासगी रुग्णालयात मुलाखतीला गेले, तिथे मात्र पहिलाच प्रश्न, "घरच्यांना चाललं का हे?" माझ्यानंतर आत गेलेल्या बॅचमेटच्या हातावर कोपरापर्यंत राजमुद्रा आहे. त्याला सेप्सिसबद्दल, म्हणजे अंगभर भिनलेल्या संसर्गाबद्दल विचारलं. मला सेप्सिस त्याच्याइतकंच येतं, काका. मला विचारलंच नाही, ते फार लागलं.

वैशाली, सी-१०४: नेहा 🙏

डॉ. मेधा, बी-६०१: आत्ताच ओटीतून आले. मोठा मेसेज आहे, दमाने वाचा.

सुनीता, आधी ओंकारचं. लेझरने टॅटू जातो, पण ६ ते १० बैठका लागतात आणि दोन बैठकांमध्ये ६ ते ८ आठवडे थांबावं लागतं. काळी शाई त्यातल्या त्यात लवकर फिकी होते, हिरवी-पिवळी हट्टी असते. म्हणजे यंदाच्या मेडिकलपर्यंत ते होणं नाही. घाईघाईत कुणा पार्लरवाल्याकडे जाळून घेऊ नका, व्रण कायमचा राहील. दुसऱ्या सरकारी कॉलेजांत प्रवेशाला असा नियम नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेतही टॅटूबद्दल अवाक्षर नाही. तो डॉक्टर होईलच, एवढं त्याला आज रात्री सांग आणि जेवायला घाल.

नेहासारख्या मुलांना मी एवढंच सांगते की ताजा टॅटू ही जखम असते. खपल्या धरून कातडी पूर्ववत व्हायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढ्यात सर्जरीची पोस्टिंग असेल तर कोपरापर्यंत घासून हात धुता येत नाही, आणि उघड्या जखमेला रुग्णाचं रक्त लागणं धोक्याचं. हेपॅटायटिस बीची लस पूर्ण करून, सुई समोर पाकिटातून काढलेली बघून, सुट्टीत काढा. पुढे १२ महिने रक्तदान करता येत नाही, हेही आधी माहीत हवं. कॉलेजच्या शिबिरात दरवर्षी दोन-चार मुलं रांगेतून परत जातात.

देशपांडे काका, तुमचं लक्ष तिकडे गेलं हे मी खोटं म्हणणार नाही. पण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या इमर्जन्सी विभागात हे करून पाहिलंय. काही दिवस डॉक्टर खोटे टॅटू लावून, खोटी कानातली-नाकातली घालून काम करायचे, काही दिवस तसेच. ९ महिन्यांत ९२४ रुग्णांना डॉक्टर कसा वाटला ते विचारलं, पण टॅटूचा विषय काढला नाही. हुशारी, आपुलकी, विश्वास, कशातच फरक पडला नाही. २०१८ मध्ये ते छापून आलं. ते लोक वेगळे, आपले वेगळे असं तुम्ही म्हणाल, म्हणून आपल्याकडचं सांगते.

माझा बॉण्ड, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा, मेळघाटात होता. तिथल्या कोरकू आदिवासी बायांच्या हातांवर, कपाळावर गोंदण असतं. एकदा रात्री एक बाळंतीण आली, अंगात रक्त नाही, हात बर्फासारखे. सलाइन लावायचं होतं. टॉर्चच्या उजेडात शीर दिसेना, कारण मनगटापासून वर हिरवे ठिपके आणि रेघा. शेवटी डोळ्यांनी शोधायचं सोडलं, बोटाने दाबत गेले आणि दोन ठिपक्यांच्या मधे सुई घातली. लागली. दुसऱ्या दिवशी तिची सासू माझा हात धरून उलटसुलट करून बघत बसली. म्हणाली, डॉक्टरीण, तुझ्या हातावर काहीच कसं नाही? दागिने इथेच राहतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, तू काय नेणार? तिच्या डोळ्यांना माझा कोरा हातच चुकल्यासारखा वाटत होता. आजही शीर सापडेनाशी झाली की मी डोळे मिटून बोटाने बघते. ते मला त्या हाताने शिकवलं.

देशपांडे काका, ए-१०१: माझ्या आईच्या हातावर तुळशीवृंदावन होतं. ताप आला की ती कपाळावर हात ठेवायची, तेव्हा ते डोळ्यांच्या अगदी जवळ यायचं. आज कित्येक वर्षांनी आठवलं.

देशपांडे काका, ए-१०१: मशीनवरच्या रंगीत चित्रांचं मला अजून पटलेलं नाही, मेधाताई. पण नेहा बेटा, तुला त्या मुलाखतीत तसं विचारायला नको होतं. आणि आईचं अक्षर मला एकदा दाखव.

नेहा, सी-२०५: उद्या संध्याकाळी येते काका. बीपीही बघते तुमचं.

सुनीता, बी-४०२: मेधाताई, तुमचा मेसेज ओंकारला वाचून दाखवला. वरण-भात खाल्ला त्याने. तो विचारतोय, कर्नल काका उद्या भेटतील का? पुढच्या वर्षी पुन्हा नीट देऊन तोवर लेझर करावं, की यंदा मिळेल ते कॉलेज घ्यावं, हे त्याला तुमच्याशी बोलायचंय.

कर्नल शिंदे, ए-३०३: सकाळी ७ ला पाठवा. यंदाचं माहितीपत्रक छापून आणायला सांगा, नियम दोघं मिळून ओळ न ओळ वाचू. टॅटूचा फोटो नको, दंड घेऊनच ये म्हणावं.