प्रतिसाद: बिनतारी मल्टिमीटर आणि तुटणारा आलेख

ब्लूटूथ मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट वगैरे मोजून वाचने बिनतारी पाठवणारा मीटर) फोनला जोडल्यावर ॲपमधील आलेख मध्येच का तुटतो, असा प्रश्न विचारला गेला आहे. बहुतेक वेळा दोष मीटरचा नसून फोनचा असतो. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड पडद्यामागील ॲप बंद करते, म्हणून त्या ॲपला बॅटरी-बचतीतून वगळावे. मीटरचे आपोआप बंद होणेही आधी रद्द करावे. जुन्या अँड्रॉइडवर (६ ते ११) लोकेशनची परवानगी दिल्याशिवाय मीटर यादीत दिसतच नाही, आणि लोक उगाच मीटर परत करतात.

फोनवर आलेख पाहण्याच्या या सोयीचा खरा उपयोग मला घरच्या इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर कळला. विश्रांतीत १२.७ व्होल्ट दाखवणारी बॅटरी भार पडताच किती खाली येते आणि १०.५ व्होल्टपर्यंत, म्हणजे जवळपास रिकामी होईपर्यंत, किती वेळात घसरते, हे तासभर मीटरजवळ बसून टिपण्यापेक्षा आलेखात कितीतरी स्पष्ट दिसते. मात्र असे मीटर सेकंदाला मोजकीच वाचने पाठवत असल्यामुळे, मोटर सुरू होताना व्होल्टेजमध्ये पडणारा क्षणिक खड्डा त्यात सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्यासाठी ऑसिलोस्कोपच (व्होल्टेजचे अतिजलद बदल पडद्यावर दाखवणारे उपकरण) हवा.

मीटर आत ठेवून लोखंडी वीज-पॅनेलचे दार लावून बाहेरून वाचन घेणे सुरक्षित खरे, पण तेच दार ब्लूटूथचा २.४ गिगाहर्ट्झचा संदेश अडवते. शिवाय मीटर बिनतारी असला तरी त्याच्या प्रोब (मोजणीच्या टोकदार सुया) जिवंत तारेलाच लागतात, त्यामुळे त्या लावताना पुरवठा बंद ठेवावा आणि मीटरवरील कॅट (CAT) श्रेणी, म्हणजे तो कोणत्या प्रकारच्या वीजजोडणीवर सुरक्षित आहे ते सांगणारी खूण, तपासावी.