मदत हवी आहे: धाकट्या भावाला सेमिनरीत पाठवायचंय

जय ख्रिस्त मंडळी. आम्ही कोल्हापूरचे, वाइल्डर मेमोरियल चर्चपासून चालत पाच मिनिटांवर राहतो. धाकटा भाऊ बी.कॉम. झालाय, शिरोलीत नोकरीही लागलीय. पण पाळकीय सेवेचं पाचारण आहे म्हणतो आणि सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या कॉलेजात) जाऊन बी.डी., म्हणजे ईश्वरविज्ञानाची पदवी, करायचा हट्ट धरून बसलाय. वडिलांचं म्हणणं, सेवा करायला पदवी कशाला?

मला मात्र आमचे जुने पाळक आठवतात. आजी इथल्या सीपीआर हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा ते रात्रभर शेजारी बसले. एक शब्द बोलले नाहीत, फक्त तिचा हात धरून होते. नंतर सांगितलं, हे गप्प बसणं विद्यार्थी असताना दवाखान्यातल्या सेवेत शिकलो. बायबलची मूळ भाषा म्हणून शिकलेल्या ग्रीकची त्यांची वही तीस वर्षांनीही टेबलावर असायची. पंडिता रमाबाईंनीही बायबल मराठीत आणण्यासाठी ग्रीक-हिब्रू शिकून घेतलंच की.

पुण्याची युनियन बिब्लिकल सेमिनरी (१९८३ पर्यंत यवतमाळला होती ती) जवळ पडते. तिथे किंवा सेरामपूर विद्यापीठाशी (बी.डी. देणाऱ्या) संलग्न दुसऱ्या कॉलेजात शिकलेल्यांनी कृपया सांगा: मराठी माध्यमातून आलेल्याला इंग्रजी कितपत जड जातं? आणि वीस-पंचवीस वर्षं खेडोपाडी सेवा केल्यावर तिथलं नेमकं काय उपयोगी पडलं, वर्गातलं की वसतिगृहातलं? पाळकांच्या पत्नींनीही लिहा, घर कसं चालतं ते. वडिलांना वाचून दाखवणार आहे.