'अ‍ॅक्रॉन'मधली कालऊर्जा आणि लाटा

खेळात भूतकाळात जाता आलं की कुणी हरणारच नाही, मग यानांच्या रचनेवर डोकं कशाला लावायचं, हे एकाचं म्हणणं मला अजिबात पटलं नाही. २०११च्या 'अ‍ॅक्रॉन' या संगणकावरच्या युद्धखेळात काळात मागे जाऊन आपल्या सैन्याला हुकूम देता येतो, पण त्याला कालऊर्जा लागते; जितकं मागे जाल तितकी जास्त. आणि बदल लगेच वर्तमानात पोचत नाही, काळपट्टीवर, म्हणजे खेळात बदलता येणाऱ्या काळाच्या मर्यादित पट्ट्यावर, सरकणाऱ्या लाटा तो घेऊन येतात.

मी एकदा रणगाडे मागे पाठवून ते जिथे बनले तो कारखानाच उडवला. कारखाना नाही तर रणगाडे नाहीत, आणि रणगाडे नाहीत तर कारखाना उडवणार कोण? मग दर लाटेला कारखाना आहे, नाही, पुन्हा आहे! ती घटना काळपट्टीच्या कडेबाहेर गेली तेव्हा जे होतं तेच कायम झालं. रचनेचं महत्त्व इथेच कळतं: ग्रेकिम या खेळातल्या परग्रहवासीयांच्या अंगातच कालप्रवास असतो, माणसांना त्यासाठी वेगळं यंत्र उभारावं लागतं, आणि शत्रू आधी तेच फोडतो.