मदत हवी आहे: समुपदेशक नुसतं ऐकतात, थेरपीची पद्धत बदलावी का? (तातडीचं)

सुपारीचं_आगर, २ जून, रात्री १०.१२

नमस्कार. थेट विचारते. पाच सेशन झाली, आठवड्याला एक, प्रत्येकी ८०० रुपये. समुपदेशक नुसतं ऐकतात. "मग काय वाटलं?", "अजून काही सांगावंसं वाटतं का?" एवढंच. उपाय काही नाही. नेटवर बघितलं तर कुणी म्हणतं सीबीटी सगळ्यात चांगली, कुणी आरईबीटी, कुणी ईएमडीआर, कुणी सायकोडायनॅमिक. वाचून वाचून डोकं भणभणलं. यातली कुठली घ्यावी आणि रत्नागिरी-चिपळूण-गुहागर भागात ती कोण करतं, एवढंच सांगा. मृग लागायला पाच दिवस उरलेत, त्याच्या आत काहीतरी व्हायला हवं.

किनारा_७१, रात्री १०.३०

ताई, मृगाचा काय संबंध ते कळलं नाही. सेशन तुमची की घरातल्या कुणाची? वय काय, त्रास काय, कधीपासून? गोळ्या चालू आहेत का? हे कळल्याशिवाय पद्धत कोण सांगणार?

विवेकवाट, रात्री १०.४१

पद्धत बदलाच. मी अनुभवाने सांगतो. माझं खेडला दुकान आहे. सहा वर्षांपूर्वी गिऱ्हाइकाने उधारी बुडवली की मी रात्रभर तळमळायचो, सकाळी बायको-मुलांवर भडकायचो. मग आरईबीटी शिकलो. आपण मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमाराला ती मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. घटना आपल्याला त्रास देत नाही, त्या घटनेबद्दल आपण मनाशी जे धरून बसतो ते देतं. ओळखायची खूण म्हणजे आपल्या बोलण्यातला "च". "लोकांनी माझ्याशी नीट वागलंच पाहिजे." "मला हे जमलंच पाहिजे." तो "च" पकडायचा आणि त्याच्याशी वाद घालायचा. मी वहीत रोज तीन "च" लिहायचो. चार महिन्यांत घरातला आवाज खाली आला, माझी मुलगी सांगेल. नुसतं ऐकून घेणाऱ्याने मला हे कधीच दिलं नसतं.

ओटीवरचा_झोपाळा, रात्री ११.०५

विवेकवाट, तुम्हाला गुण आला याचा आनंद आहे, पण "नुसतं ऐकणं" असं म्हणू नका. माझी पत्नी गेली त्यानंतर मी समुपदेशनाला जात होतो. पहिल्या चार वेळा मी फक्त रडलो. घरी सगळे "सावर, मुलांकडे बघ" म्हणत होते. त्या खोलीत कुणी सावरायला सांगितलं नाही. पाचव्या वेळी मी आपणहून म्हणालो की तिचं कपाट आता उघडायला हवं. कार्ल रॉजर्स यांची व्यक्तिकेंद्रित पद्धत हीच आहे. समोरच्याला अट न घालता स्वीकारायचं, त्याच्या जागी उभं राहून समजून घ्यायचं आणि स्वतः खोटं वागायचं नाही. १९५७ मध्ये त्यांनी हे नीट मांडून ठेवलंय. तेव्हा जर कुणी माझ्या बोलण्यातले "च" मोजले असते तर मी उठून चालू लागलो असतो.

विवेकवाट, रात्री ११.१३

दुःखात आणि चिंतेत फरक आहे, काका. दुःखाला आमची पद्धतही निरोगीच मानते. पण माणूस दोन-दोन वर्षं तिथेच बसून राहिला तर?

ओटीवरचा_झोपाळा, रात्री ११.१६

बसू द्यावं. त्याला उठवायची घाई कुणाला असते, याचाही विचार करावा.

घाटमाथा, ३ जून, सकाळी ६.२०

दहा दिवसांच्या विपश्यनेला इगतपुरीला पाठवा. मी तीनदा गेलोय. मन आरशासारखं स्वच्छ होतं, खर्च शून्य, दान ऐच्छिक. झोप येत नसेल तर तोवर जायफळ उगाळून कोमट दुधातून द्या, चिमूटभरच.

सुपारीचं_आगर, सकाळी ७.०२

झोपेचं मी विचारलंच नाही. माझ्यासाठी नाही, धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २९. पाऊस लागला की त्याला त्रास होतो. गोळ्या नाहीत. आता सांगा कुठली पद्धत.

किनारा_७१, सकाळी ७.१५

पाऊस लागला की म्हणजे नेमकं काय होतं? आणि कधीपासून?

सुपारीचं_आगर, सकाळी ७.४०

चिपळूणच्या पुरापासून, अजून कधीपासून! २२ जुलै २०२१. तो तेव्हा बाजारपेठेत औषधांच्या दुकानात कामाला होता. पाणी एवढं झपाट्याने चढलं की शटर ओढायलाही वेळ मिळाला नाही. रात्रभर दुकानाच्या पोटमाळ्यावर होता, दुसऱ्या दिवशी बोटीतून काढला. नंतर नोकरी सोडून घरी आला, आता आमची बाग बघतो. उन्हाळाभर कामाला वाघ आहे. पण पत्र्यावर पावसाचा आवाज आला की छाती धडधडते, घाम फुटतो. आमचं घर डोंगराच्या कुशीत आहे, नदी तीन किलोमीटर लांब. तरी रात्री दोनला उठतो, टॉर्च घेऊन विहिरीवर जातो, आतल्या किती पायऱ्या पाण्याच्या वर आहेत ते मोजतो. परत येऊन अर्ध्या तासाने पुन्हा जातो. तांदळाचे डबे, सातबाराचे कागद, आईच्या गोळ्या सगळं माळ्यावर. चिपळूणला तर तेव्हापासून पाय ठेवलेला नाही. मधे चार पावसाळे असेच काढले. पाचवा नाही बघवणार. म्हणून घाई.

नदीपल्याड, सकाळी ८.०५

आम्ही पण तेव्हा चिपळुणात होतो. दोन दिवस गच्चीवर. तो पूर निव्वळ पावसाचा नव्हता, धरणाचं पाणी...

परशुराम_घाट, सकाळी ८.११

धरण-धरण करू नका. भरतीची वेळ होती, वाशिष्ठी नदी गाळाने भरलेली होती, वर महाबळेश्वरापासून ढगफुटीसारखा पाऊस. सगळं एकत्र आलं.

किनारा_७१, सकाळी ८.१४

दोघांनाही विनंती, यासाठी वेगळा धागा काढा. इथे एक मुलगा चार वर्षं झोपलेला नाही.

समुद्रपक्षी, सकाळी ९.३०

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, सिंधुदुर्गात काम करते. माणूस न बघता निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून आघातानंतरच्या ताणाच्या दिशेने तपासणी व्हायला हवी. आधी दोन प्रश्न, संकोच न करता उत्तर द्या. "जगणं नको" असं काही बोलतो का? दारू किंवा आणखी काही चालू झालंय का? पहिल्याचं उत्तर हो असेल तर धागा सोडा आणि आजच टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. नंबर १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आता पद्धतींबद्दल. "सगळ्यात चांगली कुठली" हा प्रश्न औषधाच्या दुकानात "सगळ्यात चांगली गोळी कुठली" असं विचारण्यासारखा आहे. विवेकवाट म्हणतात ती पद्धत राग, अपमान, अपयशाची भीती यांत छान काम करते. दुःखात, एकटेपणात ओटीवरच्या काकांचं म्हणणं मला मनापासून पटतं. आघातासाठी मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन पद्धतींची नावं घेतली आहेत, आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी पद्धत) आणि ईएमडीआर.

सीबीटीत काय करतात ते तुमच्या भावाच्या विहिरीवरून सांगते. तो पायऱ्या मोजतो तेव्हा पाच मिनिटं बरं वाटतं. पण मन त्यातून शिकतं ते असं की, मोजलं म्हणून वाचलो. म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा मोजावं लागतं. चिपळूण टाळल्यानेही तेच होतं. उपचारात आधी शरीर शांत करायला शिकवतात, मग ती रात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सुरक्षित जागी, पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. आठवण आज घडत असल्यासारखी अंगावर येते ती हळूहळू मागे सरकते, घडून गेलेली होते. मग पायरी-पायरीने जवळ जायचं. आधी पावसाच्या आवाजाचं बारीक आवाजातलं रेकॉर्डिंग, मग पत्र्याखाली दहा मिनिटं, मग दोन फेऱ्यांऐवजी एकच फेरी विहिरीवर, मग कधीतरी चिपळूणचा पूल. ईएमडीआर फ्रान्सीन शपिरो यांनी १९८७ मध्ये शोधली. तिच्यात ती आठवण मनात धरून नजर डावी-उजवीकडे फिरवायला लावतात.

हे स्वतः घरी करायचं नाही. पावसाचा आवाज मोठ्याने लावून "बघ, काही होत नाही" म्हणायचं तर मुळीच नाही. आणि घाटमाथा, विपश्यनेबद्दल आदर आहे, पण उपचार न घेतलेल्या आघातात दहा दिवस मौनात एकट्याने आठवणींसमोर बसवणं धोक्याचं ठरू शकतं.

पाच सेशन ऐकण्यात गेली म्हणजे वाया गेली असं नाही. कुठल्याही पद्धतीत, समोरच्यावर भरवसा बसला तरच पुढचं काम होतं. पण त्यांना सरळ विचारा की आपलं ध्येय काय ठरलंय, पुढे काय करणार आहोत, आणि आघातावरच्या उपचाराचं प्रशिक्षण तुम्ही घेतलंय का. चांगला समुपदेशक या प्रश्नाने रागावत नाही. नसेल प्रशिक्षण तर तो स्वतःच दुसरीकडे पाठवतो.

आणि सेशन समोरासमोर होतात की फोनवर? भाऊ त्यात बोलतो का?

विवेकवाट, सकाळी १०.०२

"पाणी येणारच" यातला "च" सुद्धा पकडता येईल असं मला वाटतं.

समुद्रपक्षी, सकाळी १०.१०

नंतर नक्की. रात्री दोन वाजता छाती धडधडत असते तेव्हा वाद घालायला डोकं जागेवर नसतं. आधी शरीर.

कोकणकन्या_शिकते, सकाळी १०.४५

माफ करा, थोडं वेगळं. मी बीए मानसशास्त्र केलंय, मला समुपदेशक व्हायचंय. सहा महिन्यांचा ऑनलाइन कोर्स पुरेल का?

समुद्रपक्षी, सकाळी ११.००

नाही पुरणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन.

रवळनाथाची_पायरी, दुपारी १.२०

बाय, देवाक गाऱ्हाणा घाल, पन डाक्तराक पन दाखय. माझ्या पुतण्याचं दोन वर्षं नुसतं गाऱ्हाण्यावर काढलं, त्याची हळहळ अजून आहे. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. तिथे गेलं म्हणजे ठेवून घेतात असं लोकांना वाटतं, तसं नसतं. आम्ही दाखवून संध्याकाळच्या एसटीने परत आलो.

सुपारीचं_आगर, दुपारी २.१५

समुद्रपक्षी ताई, जगणं नको असं कधी बोललेला नाही, मघाशी बाहेर नेऊन विचारलं. दारू नाही. सेशन फोनवर असतात. घरात रेंज फक्त पडवीच्या कोपऱ्यात येते, तिथे बसतो. बोलत फारसा नाही, हो-नाही करतो. म्हणून तर म्हणतेय पद्धत चुकतेय.

किनारा_७१, दुपारी २.२१

पडवीत त्या वेळी अजून कोण असतं?

सुपारीचं_आगर, दुपारी २.३०

आई असते. सध्या रातांबे फोडायचं काम चालू आहे ना. शेजारच्या काकी येतात हाताशी. का?

ओटीवरचा_झोपाळा, दुपारी २.३४

मुली, आईसमोर तो पोटमाळ्यावरची रात्र कशी सांगेल? आईला ऐकवणार नाही म्हणून तर तो चार वर्षं गप्प असेल.

समुद्रपक्षी, दुपारी २.५०

पद्धत बदलण्याआधी जागा बदला. कुणालाही ऐकू जाणार नाही अशी जागा, पूर्ण तासभर. तुम्हालासुद्धा ऐकू जाता कामा नये. मी विचारायला हवं होतं ते सगळ्यात आधी, राहून गेलं.

सुपारीचं_आगर, ४ जून, रात्री ९.२०

आज बुधवार, सेशनचा दिवस. त्याला मोटरसायकलवरून सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, नेलं. वर चारही काड्या रेंज येते. तो कातळावर पाठ करून बसला, मी लांब करवंदीच्या जाळीपाशी थांबले, ऐकू येणार नाही एवढी. पन्नास मिनिटांचं सेशन होतं. मला फक्त हात दिसत होता त्याचा, सारखा हलत होता, म्हणजे बोलत होता. मधे एकदा दोन्ही हातांनी तोंड झाकून बराच वेळ बसला. उतरताना एक शब्द नाही. घराच्या बेड्यापाशी आल्यावर म्हणाला, "ताय, पुढच्या बुधवारी पण तिकडेच."

तुम्ही सांगितलेले तीन प्रश्नही त्याने स्वतः विचारले. समुपदेशकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आघाताचं प्रशिक्षण त्यांचं झालेलं नाही. रत्नागिरीला ते काम करणाऱ्या बाईंकडे चिठ्ठी देतायत, पण त्यांची वेळ २० तारखेनंतरची आहे. तोवर हेच चालू ठेवतील, आणि श्वासाचा एक व्यायाम दिलाय. मी त्यांना उगीच बोल लावला.

आता अडचण दुसरी. पाऊस लागला की सड्यावर बसता येणार नाही. शृंगारतळी किंवा गुहागरच्या बाजूला कुणाची खोली दर बुधवारी दुपारी चार ते पाच मिळेल का? भाडं देऊ. रेंज हवी. कौलारू चालेल, स्लॅब असेल तर उत्तम. पत्र्याचं छप्पर नको.