मदत हवी आहे: ओढ्याचा ईसी तीन आठवड्यांत दुप्पट, कारण कसं शोधू?

नमस्कार मंडळी. गेले चार महिने दर रविवारी एका ओढ्याच्या पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे ईसी, मोजतोय (विरघळलेले क्षार जास्त, तर आकडा मोठा). वरच्या जागी १९० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटरच्या आसपास, दीड किलोमीटर खाली २४०. आता खाली मात्र ३१०, ४२० आणि काल थेट ५६०! वर अजूनही १९०च.

मीटर बिघडला म्हणावं, तर मीटर तपासायच्या १४१३ च्या प्रमाणित द्रावणात १४०९ दाखवतो. तापमानाची दुरुस्ती तो स्वतःच करतो. (दर अंशाला साधारण दोन टक्के फरक पडतो, सुरुवातीला यात मी चांगलाच फसलो होतो.)

पाऊस थांबून दीड महिना झाला, ओढा आटतोय, क्षार वाढणारच. पण मग वर का नाही वाढले? पाणी काचेसारखं, वास नाही. दगड उलटले तर वर मेफ्लाय या स्वच्छ पाण्यातल्या कीटकाच्या तीन शेपट्यांच्या अळ्या, खाली नुसत्या लालभडक बारीक अळ्या.

अमेरिकेच्या ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेच्या माहितीत चांगले मासे असलेल्या प्रवाहांसाठी १५० ते ५०० दिलंय. त्याच ईपीएने २०११ मध्ये तिथल्याच डोंगराळ अ‍ॅपलेशियातल्या खाणींच्या भागासाठी ३०० सुचवलं. मी कुठला आकडा धरू?

प्रतिसाद:
दोन्ही सोडा. चुनखडीतून आलेला ओढा काही न मिसळताही ५०० ला जातो, ग्रॅनाइटवरचा ५० लाही ठणठणीत असतो. तुमचा मापदंड तुमचा वरचा १९०. आणि ईसी क्षार किती तेवढंच सांगतो, कुठले ते नाही. तेल किंवा बहुतेक कीटकनाशकं मिसळली तर त्याला पत्ताही लागत नाही.
खालून वर चालत जा. दर पन्नास पावलांवर दोन्ही काठांना मोजा. प्रोब, म्हणजे मीटरचं बुडवायचं टोक, पाण्यात हलवून बुडबुडा काढा, नाहीतर आकडा कमी येतो.

धागाकर्ता:
आज सकाळी गेलो. अर्ध्या वाटेवर डाव्या काठाला ९००, उजव्या काठाला २१०! झुडपात पाइप, मनगटाएवढी धार, तिच्यात २३४०. तोंडाशी करड्या ओल्या कापसासारखा थर. बाटली भरून आणलीय. आधी काय तपासू, क्लोराइड की अमोनिया?

प्रतिसाद:
अमोनिया, आणि आजच. तोवर बाटली फ्रीजमध्ये ठेवा. क्लोराइड पुढच्या आठवड्यात केलंत तरी चालेल. त्या करड्या थराचा फोटो टाका, सांडपाण्याचा संशय येतोय.