शेवटच्या फेरीत पार्टनरसमोर वाचाच बसते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पुढच्या गुरुवारी मुंबईत एका कन्सल्टिंग कंपनीत (इतर कंपन्यांना धंद्याबद्दल सल्ला देणाऱ्या) माझी मुलाखतीची शेवटची फेरी आहे. दोन पार्टनर, म्हणजे कंपनीचे वरिष्ठ भागीदार, प्रत्येकाबरोबर पाऊण-एक तास, दोन्हीकडे एकेक केस (एखाद्या धंद्याची अडचण समोरच सोडवायची) आणि थोडं स्वतःबद्दल. आज मंगळवार, म्हणजे हातात नऊ दिवस. आधीच्या दोन्ही फेऱ्या छान गेल्या. तरी झोप उडाली आहे, कारण मार्चमध्ये दुसऱ्या एका कंपनीत मी नेमकी याच टप्प्यावर गळले.

मी डिचोलीची. इंजिनिअरिंग करून तीन वर्षं वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅनिंगमध्ये आहे. ओळखीत कन्सल्टिंगमधलं कुणी नाही. एमबीए करणाऱ्या मुलांना सरावाला वर्गातले सोबती तरी असतात. माझा सराव ऑनलाइन भेटलेल्या दोघांबरोबर, बाकीचा एकटीचा, खोलीचं दार लावून.

मार्चमध्ये काय झालं ते नीट सांगते, म्हणजे चूक कुठे ते तुम्हाला कळेल. एका सिमेंट कंपनीचा नफा दोन वर्षांत घसरलाय, कारण शोधा, अशी सरळ केस. मी मिनिटभर मागून घेतलं, कागद आडवा धरला, इश्यू ट्री, म्हणजे प्रश्नाचे भाग पाडणारं झाड, काढलं. एक फांदी उत्पन्नाची, एक खर्चाची, पुढे किंमत, विक्री, स्थिर खर्च, बदलते खर्च. पाच मिनिटं बोलले असेन, तेवढ्यात पार्टनर म्हणाले, "हे राहू दे. तुला काय वाटतं, नफा कशामुळे घसरला?" माझ्याकडे तोवर एकही आकडा नव्हता. मी पुन्हा पहिल्या फांदीपासून सांगायला लागले. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. ते पेन ठेवणं मला दिसलं आणि त्यानंतर त्यांचे शब्द कानावर पडत होते, पण अर्थ लागेना.

मग आकडेमोड आली. उलाढाल ४५० कोटी, उत्तर मिलियनमध्ये हवं होतं. एक कोटी म्हणजे दहा मिलियन, हे मी ऑफिसात रोज करते. ४,५०० मिलियन. मी ४५,००० म्हणाले आणि तोच आकडा धरून पुढचे तीन हिशेब केले. "नक्की?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणाले. तळहाताला इतका घाम आला होता की ओल्या कागदावर बॉलपेन उमटत नव्हतं.

मला छळणारी गोष्ट अशी, की मी लोकांसमोर उभी राहायला घाबरणारी मुलगी नाही. आमच्या गावच्या जत्रेला रात्री मराठी नाटक होतं, दहावीपासून मी त्यात काम करते. एका वर्षी समोरच्या नटाने अख्खं पानच गाळलं, तेव्हा देवळासमोर अर्धा गाव बसलेला असताना मी दोन वाक्यं जुळवून प्रवेश पुढे नेला. प्रॉम्प्टरलासुद्धा पान सापडत नव्हतं. तीच मी वातानुकूलित खोलीत एका माणसासमोर मुकी होते, हे मला समजत नाही.

एकटी असले की सगळं जमतं. परवा गोव्यात रोज किती पाव खपतात ते काढलं. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १४.५८ लाख, म्हणून हिशेबाला १५ लाख धरले. घरात चार माणसं म्हणजे पावणेचार लाख घरं, त्यातली साठ टक्के घरं रोज पोदेराकडून (सायकलवरून पाव विकणाऱ्याकडून) पाव घेतात असं मानलं, घरटी सहा. साडेतेरा लाख. हॉटेलं आणि गाडे मिळून आणखी एक तृतीयांश, म्हणजे १८ लाख. एका फेरीत पोदेर सायकलवर तीनशे पाव नेत असेल तर दिवसाला सहा हजार फेऱ्या, बारा तालुक्यांत सरासरी पाचशे. आमच्या वाड्यावर सकाळ-संध्याकाळ पोदेराचा भोंपू ऐकू येतो त्यावरून हे अगदीच अशक्य वाटत नाही. गृहीतकं माझी आहेत, पण पडताळणीपर्यंत मी शांतपणे पोचले. हेच कुणी समोर बसून विचारलं तर साठ टक्क्यांपाशीच अडखळेन.

विचारायचं ते असं. नऊ दिवसांत आणखी वीस-पंचवीस केस कराव्यात की थांबावं? पार्टनरने मध्येच तोडलं की काय करायचं? चूक झाल्याचं लक्षात आलं तर सांगावं की सावरून पुढे जावं? आणि "कन्सल्टिंगच का?" याचं माझं उत्तर मलाच पाठ केल्यासारखं ऐकू येतं. खरं कारण बाबांचे दोन ट्रक आहेत. ते खाणीवरून मांडवीकाठच्या धक्क्यावर माल नेत. बाबा वहीत रोजच्या फेऱ्या, टनाचा दर, डिझेल, ड्रायव्हर, टायर, बँकेचा हप्ता असं लिहायचे आणि बेरीज माझ्याकडून करून घ्यायचे. पावसाळ्यात ट्रक तसेही उभेच असत. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि पाऊस सरल्यावर ट्रक निघालेच नाहीत. वहीत त्यापुढे फक्त हप्त्याचे आकडे आहेत. हे मुलाखतीत सांगण्यासारखं आहे का? की रडगाणं वाटेल?

प्रतिसाद १

मी या क्षेत्रात सात वर्षं काढली, उमेदवारांच्या मुलाखतीही घेतल्या. वयाने मोठा असेन, म्हणून एकेरीत लिहितो.

शेवटच्या फेरीला आलीस म्हणजे तुला ट्री काढता येतं हे कंपनीला कळलेलं आहे. पार्टनर वेगळंच बघतो: हिला उद्या माझ्या क्लायंटसमोर बसवता येईल का? त्याची केस बरेचदा त्याने स्वतः केलेल्या कामातली असते, छापील नसते, आणि तो गप्पा मारल्यासारखा कुठेही वळतो. "तुला काय वाटतं" हा प्रश्न क्लायंटसुद्धा पहिल्याच बैठकीत विचारतो. त्याला आकडा नको असतो, अंदाज आणि त्यामागचं कारण हवं असतं. "माझा पहिला अंदाज इंधनखर्चावर आहे, कारण सिमेंटला कोळसा आणि वीज भरपूर लागते. तो खरा असेल तर टनामागचा खर्च वाढलेला दिसेल, आधी तो आकडा बघू या." एवढं म्हटलं असतंस तरी पुरे होतं. अंदाज चुकला तर बिघडत नाही, बदलता यायला हवा.

चूक दिसली की तिथल्या तिथे सांग. "हा आकडा मला पटत नाही, एकदा तपासते." स्वतः पकडलेली चूक आम्ही माफ करतो. "नक्की?" हा तर त्यांनी पुढे केलेला हात होता, तू तो धरला नाहीस. आणि कागदाच्या कोपऱ्यात केस सुरू होण्याआधीच लिहून ठेव: १० लाख = १ मिलियन, १ कोटी = १० मिलियन, १०० कोटी = १ बिलियन.

पंचवीस केस अजिबात नकोत. पाच-सहा पुरे, पण अनोळखी माणसांबरोबर, आणि मुद्दाम मध्ये तोडायला सांगून. एकटीने केलेल्या सरावात तोडणारं कुणी नसतं, म्हणून तुला तिथे सगळं जमतं. रोज एका केसचा फक्त शेवट मोठ्याने बोल, अर्ध्या मिनिटात: आधी उत्तर, मग कारणं, मग धोका काय आणि पुढे काय तपासायचं.

ट्रकचं जरूर सांग. रडगाणं तेव्हा होईल जेव्हा तू वहीपाशी थांबशील. त्या वहीतून तू काय शिकलीस तेही सांग. फेऱ्या गुणिले टन गुणिले दर, वजा खर्च, आणि फेऱ्या शून्य झाल्या तरी न थांबणारा हप्ता. नफ्याचं झाड तू सातवी-आठवीतच काढत होतीस की.

प्रतिसाद २

मी फोंड्याची, नाटकवाली. कन्सल्टिंगमधलं कळत नाही, पण तुमच्या कोड्याचं उत्तर मला दिसतं. नाटकात पान गळलं तेव्हा तुम्ही समोरच्या नटाकडे बघत होता, त्याला सावरायचं होतं. त्या खोलीत तुम्ही स्वतःकडे बघत होता, आणि त्याच्या पेनाकडे. समोरच्याला एक अडचण आहे आणि ती सोडवायला त्याला तुमची मदत हवी आहे, असं धरून बसून बघा.

धडधड थांबवायच्या नादाला लागू नका. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांचा २०१४ चा अभ्यास आहे: गाणं, भाषण, गणित यांच्या आधी "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा "मी उत्साहात आहे" म्हणणाऱ्यांचं काम सरस झालं. विंगेत आपण तेच करतो. आणि श्वास सोडताना घेण्यापेक्षा जास्त वेळ लावा, एवढ्याने हात जरा स्थिर होतात.

रात्रीची कोकणकन्या धरून सकाळी उतरून थेट मुलाखतीला जाऊ नका. बुधवारी दिवसाच पोचा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पेनाकडे बघत होते हे अगदी खरं आहे, मला आजवर हे कुणी सांगितलं नव्हतं. काल रात्री ऑनलाइन सोबत्याला सांगितलं की दर दोन मिनिटांनी तोड. पहिल्या दोनदा गडबडले. तिसऱ्यांदा अंदाज सांगितला, तो चुकीचा निघाला, आणि मी "मग वाहतूकखर्च बघू या" म्हणून पुढे गेले. आवाज कापत होता, पण थांबला नाही.

बाबांकडून वही मागून घेतली. त्यांनी विचारलं कशाला, मी सांगितलं. त्यांनी चष्मा लावून पहिलं पान उघडलं आणि टनाचा दर कसा ठरायचा ते तासभर समजावलं. त्यातलं निम्मं मला माहीतच नव्हतं.

बुधवारचं दुपारचं तिकीट काढलंय. प्रतिसाद १ वाले दादा, तुम्ही स्वतः एक केस घ्याल का? शनिवारी किंवा रविवारी सकाळी, तुम्हाला जमेल तेव्हा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला आहे.