बुलेट ३५०: दोन्ही बाजूंच्या खाचा सारख्या, तरी चेन आतून का घासते?

बुलेट_सांगली
नमस्कार मंडळी. गाडी जुनी बुलेट स्टँडर्ड ३५०, कास्ट आयर्न इंजिन, चार गिअर. मागचं ड्रम (मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, त्यालाच असतं), पुढचं स्प्रॉकेट आणि चेन तिन्ही नवीन आहेत. मागचं चाक पुढे-मागे करायचे दोन्ही बाजूंचे गोल अ‍ॅडजस्टर एकाच खाचेवर. तरी मागच्या स्प्रॉकेटच्या दातांची आतली, म्हणजे चाकाकडची बाजू घासून चकचकीत झालीय. टॉप गिअरला एकसारख्या स्पीडने, मिरज रोडसारख्या सपाट रस्त्यावरही चेनमधून टकटक येते. चेन ओढून पाहिली, सैल करून पाहिली, फरक नाही. सुरुवात कुठून करू?

मिरज_फिटर
दादा, खाचा सारख्या म्हणजे चाक सरळ, असं जुन्या गाडीत धरून चालायचं नाही. अ‍ॅडजस्टर ज्या पिनेला टेकतो ती पिन एका बाजूने झिजते, बाजारातल्या अ‍ॅडजस्टरच्या खाचाही कमीजास्त कापलेल्या असतात. आणि खाचा अगदी बरोबर असल्या तरी त्यावरून फार तर चाक तिरकं नाही एवढंच कळतं.

चूक दोन प्रकारची असते. एक म्हणजे चाक तिरकं. दुसरी म्हणजे चाक सरळ आहे, पण पुढचं आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत नाही. एक आत, एक बाहेर. ही दुसरी चूक अ‍ॅडजस्टरने कधीच जात नाही. बरेच जण इथेच घोळ घालतात. स्प्रॉकेट २ मिमी सरकलेलं असतं आणि चाक तिरकं करून चेन जुळवायला बघतात. मग चेन तर खराब होतेच, वर गाडीही एका बाजूला ओढायला लागते.

कुठली चूक आहे ते पुढचं स्प्रॉकेट बघून कळेल. बुलेटमध्ये ते प्रायमरी केसच्या (क्लच असतो त्या पेटीच्या) मागे लपलेलं असतं, बाहेर काढायचं तर क्लच उतरवावा लागतो. म्हणून आधी मागून बॅटरी मारून नुसते दात बघा. चाक तिरकं असेल तर खुणा मुख्यतः मागच्या स्प्रॉकेटवर येतात, पुढचं जवळजवळ स्वच्छ राहतं. कारण चेन मागचं स्प्रॉकेट सोडते ती जागा एक्सलच्या बरोबर वर आणि खाली असते. चाक तिरकं झालं तरी ती जागा आडवी सरकत नाही. स्प्रॉकेटं रेषेत नसतील तर मात्र दोन्ही घासतात, आणि तेही उलट्या बाजूंनी.

तुमचं मागचं आतून घासतंय. पुढचं बाहेरच्या बाजूने घासलेलं दिसलं तर पुढचं स्प्रॉकेट जास्त बाहेर आलंय किंवा ड्रम जास्त आत बसलंय. पुढचं स्वच्छ असेल तर एक्सलची उजवी बाजू डावीपेक्षा मागे गेलीय.

तिन्ही पार्ट नवीन म्हणताय म्हणून मला पहिला संशय पुढच्या स्प्रॉकेटवर आहे. जुनं अजून टाकलं नसेल तर शोधून ठेवा. क्लच उतरवायची वेळ आली तर दोन्ही सपाट काचेवर ठेवून बॉसच्या (मधल्या जाड भागाच्या) तोंडापासून दातांपर्यंतची उंची व्हर्नियरने मोजा. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या स्प्रॉकेटमध्ये इथे मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा फरक निघू शकतो.

कराड_स्पॅनर
फिटरभाऊंचं बरोबर आहे, पण मोजमापाच्या आधी ढिलाई काढा, नाहीतर प्रत्येक वेळी वेगळा आकडा येईल. गाडी मेन स्टँडवर घ्या. मागचा टायर पुढून आणि मागून धरून आडवा हलवा. स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा हलता दांडा) चाकाबरोबर हलला तर त्याचे बुश गेलेत. आर्म स्थिर राहून नुसतं चाक हललं तर बेअरिंग. ड्रम हबपासून (चाकाच्या मधल्या भागापासून) वेगळं डुलत असेल तर त्या दोघांमधले धक्का झेलणारे कुश रबर चपटे झालेत. यातलं काहीही असेल तर उभ्या गाडीला जुळलेली लाईन ओढ पडली की बिघडते, मग चाकं एका रेषेत आहेत का बघायला दोरी लावून उपयोग नाही. पुढचं स्प्रॉकेट हाताने आत-बाहेर हलवून बघा. नट घट्ट असताना ते सरकता कामा नये.

मग दोरी. स्टँडर्डला पुढे-मागे दोन्हीकडे ३.२५-१९ टायर असतो, हा मोठा फायदा आहे. कंपनी साईजचेच टायर असतील तर ताणलेली दोरी दोन्ही बाजूंना चार-चार ठिकाणी टेकली पाहिजे. हँडल सरळ धरा. दोरीचा फायदा असा की चूक मोठी होऊन दिसते. अ‍ॅडजस्टरमधलं अंतर २०० मिमीच्या आसपास धरा, व्हीलबेस साधारण १३७० मिमी. म्हणजे एक्सल एका बाजूला १ मिमी मागे असला तरी पुढच्या चाकापाशी जवळपास ७ मिमी फट दिसेल. एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला दोरी टायरवर वाकलेली, पण मागच्या टायरला दोरी दोन्ही कडांना नीट टेकलेली आणि पुढच्या टायरला समांतर, असं दिसलं तर चाक तिरकं नाही, रिमच बाजूला आहे. तेव्हा स्पोक ओढून रिम मध्यावर आणावी लागेल.

बुलेट_सांगली
पुढचं स्प्रॉकेट पाहिलं, बाहेरची कड घासलेली आहे. दोरी लावायला गेलो तर मेन स्टँडचे पाय आडवे येतात.

कराड_स्पॅनर
दोरी सोडा. खिडक्यांच्या सेक्शनवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकोनी पाईपचे सात-सात फुटांचे दोन तुकडे घ्या. आधी दोन्ही एकमेकांना लावून मधे उजेड दिसतो का बघा, वाकडा पाईप घेऊ नका. विटा ठेवून, पाय चुकतील इतक्या उंचीवर दोन्ही टायरना टेकवा.

मिरज_फिटर
पुढचं बाहेरून घासलंय म्हणजे स्प्रॉकेटंच रेषेत नाहीत, अ‍ॅडजस्टर फिरवत बसू नका. पाईप लावून चाक सरळ आहे याची खात्री करा, मग चेन काढून मागच्या दातांच्या सपाट बाजूवर सरळ पट्टी ठेवा आणि पुढच्या दातांपर्यंत किती फरक येतो ते मोजा. दोन्हीकडच्या दातांची जाडी वेगळी असेल तर त्यातला अर्धा फरक वजा करा, कारण जुळवायचा आहे तो दातांचा मध्य. १ मिमीच्या आत आलं तर चालेल.

बुलेटचं मागचं स्प्रॉकेट ड्रमबरोबर एकच असतं, त्यामुळे त्याच्या मागे वायसर घालायची सोय नाही. पुढच्याचा बॉस चुकीचा निघाला तर बरोबर मापाचंच आणा, बॉस कापून घ्यायचा असेल तर कुपवाड एमआयडीसीत लेथवर भोकाला काटकोनात तोंड कापून मिळेल. एक्सलचा स्पेसरही (अंतर राखणारी नळी) तपासा. तो लांब-आखूड असेल तर ड्रमच आत-बाहेर होतं. स्पेसर बदलला की रिमही सरकते, म्हणून पाईप पुन्हा लावावे लागतात.

सातारा_जावा
एक राहिलं. स्विंग आर्म पिळलेला असेल तर पाईपने चाक सरळ दिसतं आणि चेन तरी घासते. गाडी सरळ उभी करून दोन्ही चाकांना ओळंबा लावा. पुढचं चाक उभं आणि मागचं कललेलं दिसलं तर आर्म सरळ करायला जिगवर (साच्यावर) चढवावा लागेल.

आता जी चेन आहे ती तपासल्याशिवाय परत घालू नका. काढलेली चेन बाजूवर आडवी धरा. नव्या चेनपेक्षा जास्त वाकली तर ती वाकडी चालून बाद झालीय. लांबीही मोजा: ५/८ इंच पिचच्या (दोन पिनांमधल्या अंतराच्या) २० कड्या ताणून ३१७.५ मिमी भरतात, ३२३ च्या पुढे गेली की बदला.

बसवताना जोडकडीच्या क्लिपची बंद बाजू चेन जाते त्या दिशेला. ब्रेक प्लेटचा अँकर नटही सैल करा, नाहीतर प्लेट चाकाला ओढून धरते. एक्सल आवळण्याआधी खालच्या चेन आणि मागच्या स्प्रॉकेटमध्ये चिंधीची गुंडाळी धरून चाक हाताने पुढे फिरवा, इंजिन बंद, बोटं लांब. एक्सल पुढे ओढला जाऊन दोन्ही अ‍ॅडजस्टर पिनेला टेकतात. तसाच दाब ठेवून नट आवळा. मग चाक पूर्ण फिरवत चेन सर्वांत घट्ट होते ती जागा शोधा, तिथे खालच्या चेनच्या मध्यावर २५ ते ३० मिमी खेळ ठेवा आणि ब्रेक रॉड पुन्हा लावून घ्या.